किक मारा, जरा थांबा!

स्टाइल म्हणून घेतली एक जुनी स्कूटर, आणि तिच्या मागोमाग राहत्या गावाचीच नव्याने ओळख झाली!

पहिली किक. काही नाही.

दुसरी किक. काही नाही.

तिसऱ्या किकला आतून नुसतं 'फुस्स'.

सकाळचे सव्वाआठ. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर हिंजवडीच्या बसची वाट बघणारे सात-आठ जण. गळ्यात आयकार्ड, कानात हेडफोन. चौथ्या किकला एकाने हेडफोन काढला. पाचव्या किकला सगळ्यांनी. सहाव्या किकला माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि सातवी मारणार तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून बाबांचा शांत आवाज आला, "अगं, पेट्रोलचा कॉक उघडलास का?"

नव्हता उघडला.

तर मंडळी, अशी ही माझी नवी गाडी. नवी म्हणजे मला नवी. नाव चेतक, जन्म १९८३, गाव आकुर्डी. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. पिस्त्याच्या रंगाची, आरशासारखी चकाचक, रिस्टोअर केलेली. नव्या लॅपटॉपसाठी साठवलेले ५८ हजार रुपये मी हिच्यावर उडवले. फ्रीलान्सरच्या आयुष्यात ५८ हजार म्हणजे काय, ते ज्यांचा पगार दर एक तारखेला जमा होतो त्यांना नाही कळायचं!

पुण्यात कुठे?

मास कॉमला असताना "कुठे राहतेस?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असायचं. "पुण्यात." त्यावरचा पुढचा प्रश्नही ठरलेला. "पुण्यात कुठे?" मग मी जरा आवाज बारीक करून म्हणायचे, "आकुर्डी." "म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडे का?" झालं! विषय संपला.

आता काय सांगणार? ना आमच्याकडे शनिवारवाडा, ना एफसी रोड. लोणावळा लोकलने चिंचवड गेलं की आकुर्डी येतं आणि देहूरोड यायच्या आत संपतंसुद्धा. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी ही गावं एकत्र करून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महापालिका झाली. त्या नावातही पिंपरी आणि चिंचवडला जागा मिळाली, आकुर्डी राहिली बाहेर! वर्षातून एकदा देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आमच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा गावाला गाव असल्याची आठवण होते. बाकी वर्षभर आकुर्डी म्हणजे कंपनी. 'कंपनी' म्हटलं की इथे नाव विचारायचं नसतं. हायवेला लागून असलेली बजाजची लांबच लांब भिंत.

माझे बाबा त्या भिंतीच्या आत कधी नव्हते. ते चिंचवडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर. त्यांच्या लेथवरून उतरलेले बारीकसारीक पार्ट दोन-तीन हात फिरून स्कूटरला जाऊन बसायचे. स्वतः मात्र त्यांनी वर्षानुवर्षं सायकल चालवली आणि पुढे एकदम गिअर नसलेली स्कूटर घेतली. त्यामुळे आमच्या घरी चेतक कधी आलीच नाही.

ती मला भेटली बाणेरच्या एका कॅफेत. कॅफेवर लिहायला गेले होते. तिथे एक स्कूटर मधोमध कापून तिचा बिलिंग काउंटर केला होता. येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर सेल्फी काढत होता. मी वेटरला विचारलं, "कुठली रे ही?" तो म्हणाला, "इटलीची असेल मॅडम."

"इटलीची? अरे, ही आकुर्डीची आहे!"

मी हे एवढ्या मोठ्यांदा बोलले, की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. आकुर्डी हा शब्द मी चारचौघांत इतक्या जोरात पहिल्यांदाच उच्चारला असेन.

तसा तो वेटर अगदीच चुकला नव्हता. आकुर्डीच्या कारखान्याचं भूमिपूजन १९६० सालचं. तेव्हा इथे बनायची ती पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्यावरची व्हेस्पा. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये आपल्या नावाची गाडी आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव ल्यालेली चेतक. अंगकाठी व्हेस्पाची, नाव अस्सल इथलं.

त्या रात्री घरी येताना ठरवलं. अख्खी चेतक घ्यायची. न कापलेली. आणि चालणारी!

ताई, रंग बघू नका

खंडोबा माळाच्या मागच्या गल्लीत एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, दारात चिंचेचं झाड, झाडाला टांगलेले जुने टायर. आत एका ओळीत उभ्या तीन स्कूटर, एक लोखंडी सांगाडा, आणि कोपऱ्यात ही पिस्ता. मी थेट तिच्यापाशी गेले.

"ताई, रंग बघू नका," मेस्त्री म्हणाले. "रंग मी मारलाय. गाडी बघा."

मग पुढचा तासभर त्यांनी मला गाडी दाखवली. रिस्टोअर करणं म्हणजे धुऊन-पुसून रंग देणं, अशी माझी समजूत. त्यांनी गाडी पूर्ण उतरवली होती. चेतकला वेगळी चॅसी नसते, पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं. त्यामुळे फूटबोर्डच्या खाली गंज लागला की समजायचं, कणाच कुजायला लागला. तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड केलेला. सिलिंडरला बोअर मारून नवा पिस्टन, क्रँकचे ऑइल सील नवे, क्लच प्लेट नव्या, गिअरच्या वायरी नव्या. सायलेन्सरमध्ये चाळीस वर्षांचा कार्बन साचला होता, तो जाळून काढलेला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलचा पाइप आणि वॉशरही बदललेले.

"पॉइंट मात्र जुनेच ठेवलेत," ते म्हणाले. "ते कंपनीचे आहेत. घासून बसवले. तसे आता मिळत नाहीत."

मी विचारलं, "ही आकुर्डीचीच कशावरून?"

त्यावर त्यांनी आरसी बुक उघडलं. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. वर्ष १९८३. कंपनीचा तेव्हाच्या औरंगाबादजवळचा वाळूजचा कारखाना सुरू झाला १९८५ मध्ये. "म्हणजे ही जन्मली इथेच. इथून किलोमीटरभर नसेल!" नंबरप्लेटवरही जुनी तीन अक्षरांची सीरिज, 'एमएच' यायच्या आधीची, हाताने रंगवलेली.

"एकदम विंटेज पीस!" मी खूश.

इथे एक गंमत सांगते. हा शब्द आपण कशालाही लावतो, पण २०२१ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत त्याची व्याख्याच आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी म्हणजे विंटेज. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २० हजार, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. माझी चेतक त्या हिशेबाने अजून तरुण! तिला रोज दूध-भाजी आणायला नेता येतं. मला तर हे विंटेजपेक्षा भारी वाटलं.

६५ हजारांवरून ५८ वर सौदा तुटला. मेस्त्रींनी किल्ली दिली, आरसी दिलं आणि जाता जाता म्हणाले, "नावावर करायचं तेवढं बघून घ्या. मालक इथेच प्राधिकरणात राहतात. एक सही लागेल."

एक सही. बस्स!

डावा हात, उजवा पाय

सहीकडे वळण्याआधी गाडी चालवण्याबद्दल बोलू, कारण पहिले दहा दिवस मी तेच शिकत होते.

गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून मूठ वर फिरवली की पहिला, मग खाली खाली येत दुसरा, तिसरा, चौथा. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी लपून बसलेलं. मागचा ब्रेक उजव्या पायाशी. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे हात जरा ढिला पडला की गाडी उजवीकडे झुकणार. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, मेस्त्रींच्या हिशेबाने लिटरला २० मिली. ऑइल विसरलात तर पिस्टन जाम, जास्त झालं तर मागे धुराचा पडदा. रात्री सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट मिणमिणतो, ऍक्सिलरेटर पिळला की उजळतो. म्हणजे पुढचं दिसायला हवं असेल तर आधी हलायला हवं!

आणि किक. किकचा फंडा असा, की जोर लावायचा नसतो. कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा, मग जरा थांबायचं. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल उतरू द्यायचं. आम्ही बटण-स्टार्टवाली पिढी. आम्हाला हे 'जरा थांबणं' जमतच नाही. मी सलग किका मारायचे आणि प्लग ओला करून बसायचे.

"ह्या गाडीसाठी लोक नऊ-नऊ, दहा-दहा वर्षं थांबले," बाबा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत म्हणाले. "तू नऊ मिनिटं तरी थांब."

मला वाटलं, नेहमीचं आपलं 'आमच्या वेळी'. पण ते खरं होतं. तेव्हा कुठल्या कंपनीने किती गाड्या बनवायच्या, तेसुद्धा सरकारच्या परवान्यावर ठरायचं. मागणी उदंड, गाड्या मोजक्या. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र लवकर मिळायची, म्हणून आखातातल्या भावाला किंवा अमेरिकेतल्या मामाला गळ घातली जायची. शोरूममधून आलेली गाडी दुसऱ्याच दिवशी जास्त किमतीला विकली जायची. वापरलेल्या वस्तूला नव्यापेक्षा जास्त भाव, कल्पना करा!

झाली का दुरुस्त?

मालक निघाले ऐंशी पार केलेले एक आजोबा. पिंपरीच्या एचए कंपनीतून रिटायर झालेले. प्राधिकरणातलं बैठं घर, दारात तगर, आत रेडिओ चालू. मी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून गेले होते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर हे दोन फॉर्म, आणि दोन्हींवर जुन्या मालकाची सही.

"आजोबा, मी त्या चेतकसाठी आलेय," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "झाली का दुरुस्त? मेस्त्रीनं फार वेळ लावला यंदा. किती झाले?" आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

मला काही बोलताच येईना. आजी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको, अशी.

स्वयंपाकघरात त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आजोबा वळणावर गाडीसकट पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. परगावच्या मुलाने काळजीपोटी स्कूटर मेस्त्रींना देऊन टाकली आणि वडिलांना सांगितलं, गॅरेजला टाकलीय. "तेव्हापासून रोज विचारतात गं. आम्ही म्हणतो, पार्ट मिळत नाहीये."

मी फोल्डर न उघडताच परत आले.

मेस्त्रींना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढंच ना? गॅरेजचं बिल आहे म्हणा आणि सही घेऊन टाका. म्हातारा माणूस, वाचतोय कुठे!"

खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी खरंच तो विचार करत होते. ५८ हजार अडकलेले. गाडी दुसऱ्याच्या नावावर. उद्या कुठे काही झालं तर पोलिस त्यांच्या दारात जाणार. त्यांना कळणारही नाही, मला गाडी मिळेल. दोघांचंही भलं. किती सोपं!

बाबांना विचारलं. ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने एवढंच म्हणाले, "लायनीत उभा राहिलेला माणूस आहे तो."

दुसरी आणि तिसरी खेप

दुसऱ्या खेपेला मी खरं सांगितलं. गाडी विकली गेलीय आणि विकत घेणारी मी आहे. तुम्हाला परत हवी असेल तर मेस्त्रींकडून पैसे सोडवून घेईन, गाडी इथे आणून लावेन. हे म्हणताना आतून जीव तुटत होता, पण म्हणाले.

आजोबा उठले आणि काठी टेकत आत निघून गेले. रेडिओ बंद झाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आजी म्हणाल्या, "आज जा बाळ."

पुढचे अकरा दिवस काही नाही. मी गाडीला कव्हर घालून ठेवलं. लॅपटॉप हँग व्हायचा, तेव्हा खाली जाऊन कव्हर उचलून बघायचे, परत घालायचे. बाराव्या दिवशी आजींचा फोन. "स्कूटर घेऊन ये म्हणतायत."

मी त्यांच्या दारात गाडी लावली. आजोबा तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारून आले. मग सुरू झाले.

"ही निळी होती."

"हो, मेस्त्रींनी..."

"आरसे हे नव्हेत. हॉर्न कुठला लावलाय? आणि हँडल उजवीकडे किंचित कललंय, घट्ट करून घे." मग सीटखाली हात घालून त्यांनी न बघता कॉक फिरवला. "चालू कर."

मी कॉक उघडल्यावर थांबले. मनात दहा मोजले. एक किक. दुसऱ्या किकला गाडी चालू!

ते काही बोलले नाहीत, पण काठी आजींच्या हातात दिली. "चल."

"अहो, खुबा..." आजी.

"मागेच बसतोय."

भिंतीकडेनं

ऐंशी वर्षांच्या माणसाला मागे बसवून चाळीस वर्षांची गाडी चालवताना वेग आपोआप वीसवर येतो. प्राधिकरणाच्या झाडांखालून आम्ही निगडीच्या टिळक चौकात आलो आणि जुन्या हायवेला लागलो. आजूबाजूने बस, ट्रेलर, डिलिव्हरीवाली मुलं हॉर्न मारत जात होती. आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी बोलत होते. आकुर्डी दाखवत होते मला, आकुर्डीत वाढलेल्या मुलीला!

इथे शेत होतं. इथे शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा यायचा, रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागायची. राहुल बजाज मालक असून वर्षानुवर्षं इथेच, कारखान्याच्या आवारात राहिले. पालखीच्या दिवशी गाडी विठ्ठल मंदिराच्या अलीकडेच लावून पुढे चालत जायचं.

कंपनीच्या गेटसमोर त्यांनी थांबायला सांगितलं.

"१९७४ मध्ये नंबर लावला. ८३ मध्ये आली. लावला तेव्हा लग्न व्हायचं होतं, आली तेव्हा मुलगा शाळेत जात होता." मग जरा थांबून, "तो इथे पुढे उभा राहायचा. फूटबोर्डवर. हॉर्न त्याच्याकडे."

त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी भिंतीकडे बघत राहिले.

त्या भिंतीच्या आत बरंच काही घडून गेलंय. १९९८ मध्ये लेजंड नावाची फोर-स्ट्रोक स्कूटर इथून निघाली, पण तोवर लोकांना मोटरसायकलची ओढ लागली होती. चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, पल्सर २००१ मध्ये आली. २००७ मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच बंद करत असल्याचं जाहीर केलं. चेतक तर त्याच्या आधीच गेली होती. कारखान्याबरोबर आजूबाजूच्या वर्कशॉपचंही काम हललं. बाबांच्या लेथवर तेव्हापासून कुठल्या कुठल्या पंपांचे पार्ट चढतात. मग २०१९ मध्ये चेतक हे नाव परत आलं, विजेवर चालणाऱ्या स्कूटरला. जून २०२२ मध्ये, राहुल बजाज गेल्यानंतर चार महिन्यांनी, त्यांच्या जयंतीला आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला.

नेमकी तशीच एक, विजेवरची, आमच्या बाजूने सर्रकन निघून गेली. आवाज नाही, धूर नाही. चालवणारी माझ्याच वयाची.

"ही पण चेतकच," मी म्हटलं.

आजोबांनी मान वळवून ती जाईपर्यंत बघितली. "किती दिवस थांबावं लागतं?"

"काही नाही आजोबा. पैसे भरले की मिळते."

"बरंय मग," ते म्हणाले. आणि हसले.

सही

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच फोल्डर मागितलं. चष्मा लावून दोन्ही फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. (मेस्त्री, ऐकताय ना?) मग एक नवाच घोळ. आरटीओत सही जुळावी लागते, आणि आता त्यांचा हात थरथरतो. आजींनी रद्दीतला पेपर आणला. त्याच्या कडेच्या कोऱ्या जागेत आजोबा स्वतःचीच १९८३ ची सही गिरवत बसले. पाच, दहा, पंधरा वेळा. मी आणि आजी गप्प. विसाव्या वेळेला त्यांनी पेन फॉर्मवर नेलं आणि एका झटक्यात सही केली. 'र'ची शेपटी थोडी हलली, पण सही त्यांचीच.

कपाटातून त्यांनी एक लांबट वही आणून दाखवली. १९८३ पासून भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची, ऑइलची, बदललेल्या प्रत्येक प्लगची नोंद. दर पाच वर्षांनी केलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाच्या पावत्या आत टाचलेल्या. शेवटची २०२३ ची, म्हणजे गाडी २०२८ पर्यंत कायदेशीर. मला वाटलं, वही मला देतायत. पण नाही! पानं चाळू दिली, आणि परत कपाटात.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावावी लागते. ती बसवून घेतली की जुनी, हाताने रंगवलेली पाटी त्यांना हवी होती.

गेल्या महिन्यात ती नेऊन दिली. आता ती त्यांच्या दारात तगरीशेजारी टेकवून ठेवलेली आहे. नवं आरसी माझ्या नावावर आलंय. मेस्त्री म्हणतात, निळा रंग हवा असेल तर चार दिवसांत मारून देतो. मी अजून ठरवलेलं नाही, पिस्ताही मला आवडतो. हँडल मात्र घट्ट करून घेतलं. दर रविवारी सकाळी प्राधिकरणात एक चक्कर असते. आजोबा मागे बसतात, आजी दारात उभ्या राहून ओरडतात.

परवा एका मीटिंगला सदाशिव पेठेत गेले होते. हेल्मेट काढताना एकाने विचारलं, "सॉलिड आहे गाडी! कुठून आणलीत?"

"आकुर्डीहून," मी म्हटलं. "मी पण तिथलीच."

जुनी स्कूटर घेताय?

- आरसीवर ज्यांचं नाव आहे, त्यांना पैसे देण्याआधी भेटा. मी उलटं केलं. तुम्ही करू नका.
- इंजिन आणि चॅसी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. नंबरावर जाड रंग चढवलेला असेल तर पुसून दाखवायला सांगा.
- नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. मधली वर्षं चुकलेली असतील तर खर्च आधी विचारून घ्या.
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी लागते. फार जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन नसेल तर ती आधी चढवून घ्यावी लागते.
- खिशात लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर जिथे तो चिकटत नाही, तिथे आत पुट्टी भरलेली आहे असं समजा. फूटबोर्डखाली हात फिरवायला विसरू नका.
- इंजिन थंड असताना गाडी स्वतः चालू करून बघा. आणि हो, आधी पेट्रोलचा कॉक उघडा!